काढून टाकलेली नोंद

देऊळघाटच्या ताईंची पिल्लं त्यांच्या हातून मेली नाहीत, माझ्या हातून मेली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, जिच्यापासून माझं फारसं काही लपत नाही. भाऊंनाही सांगितलं नाही. त्यांना सांगायची वेळच आली नाही. ते का, ते पुढे येईल.

भाऊ म्हणजे माझे सख्खे भाऊ नव्हेत. बुलढाण्याला चिखली रोडवर एक लहानसं वर्कशॉप होतं, कोंबडीची अंडी उबवायच्या पेट्या बनवणारं. तिथे आम्ही सगळेच त्यांना भाऊ म्हणत असू, मालकसुद्धा. पत्र्याचं कपाट, आत ट्रे, हीटर, पंखा, आणि हे सगळं सांभाळणारा एक कंट्रोलर, अशी ती पेटी. पत्र्याचं काम फिटरकडे. कंट्रोलरमधला प्रोग्राम लिहायचं काम भाऊंकडे आणि त्यांच्या हाताखाली माझ्याकडे. मी संग्रामपूरकडचा, पुण्यात न टिकलेला. भाऊ अमडापूरचे, बौद्ध घरातले, अमरावतीहून इंजिनिअर होऊन आलेले. त्यांना पुणं-मुंबई सहज मिळालं असतं. का गेला नाहीत असं विचारलं तर म्हणत, तिथून परत यायची गाडी कोणती ते मला कोणी सांगेना.

हे ते गंमत म्हणून म्हणत नसत. कोणतीही गोष्ट सुरू करायच्या आधी ती संपणार कशी याची व्यवस्था लावायची, ही त्यांची तऱ्हा होती. भाड्याच्या खोलीत भिंतीला खिळा ठोकला की पांढऱ्या सिमेंटची पुडी बांधून त्याच खिळ्याला लटकवत. कधी खिळा काढलाच तर भोक बुजवायला. घरमालकीण म्हणाली, अहो, तुम्ही जाल तेव्हा मी बुजवून घेईन. तुम्ही आधी गेलात तर, असं भाऊंनी विचारलं. बाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

शेजारच्या गोडाऊनमधून एकदा शिडी आणली होती. वर चढण्याआधी भाऊंनी फिटरला हाक मारली. मी पडलो तर ही शिडी नेऊन द्यायची, असं त्याला बजावलं. फिटर म्हणाला, "भाऊ, पहिले तुमाले उचलू का शिडीले?"

"शिडीले," भाऊ म्हणाले. "मी काही कोनाचा उसना आनलेला नाही."

लग्नाला गेले तर जेवून निघत नसत. मांडव सुटेपर्यंत थांबत, दोऱ्या गुंडाळायला हात लावत, मग घरी. मांडववाले त्यांना ओळखत. त्यांचं स्वतःचं लग्न मात्र जमलं नाही, त्याचंही कारण हेच. चिखलीकडे मुलगी पाहायला गेले. चहापोहे झाले, मुलीला काय विचारायचं ते विचारा म्हणाले. भाऊंनी एकच विचारलं: मी आधी गेलो तर पहिला फोन कोणाला कराल? मुलीचे वडील उठून उभे राहिले आणि सोयरिकीला आलात की विमा काढायला, असं म्हणाले. आम्ही हा किस्सा चहाच्या टपरीवर पुन्हा पुन्हा सांगायचो. भाऊ हसत नसत. मुलगी उत्तर द्यायला लागली होती, एवढंच म्हणत. बापानं बोलू दिलं नाही.

"हे मेलं त कोनाले सांगाचं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. नवीन मोटार आणली, नवीन माणूस कामावर आला, नवीन पेटी कोणाच्या घरी बसवली, की हा प्रश्न यायचाच. मालकांनी त्यांचं नाव मयतीवाला ठेवलं होतं. आला मयतीवाला, आता पेटीचं उद्घाटन करायचं का तेरवी, असं ते गिऱ्हाइकासमोर म्हणत.

या प्रश्नाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही वायर सोलता सोलता. त्यांचे वडील विजेचे मोठे मनोरे उभारायच्या कामावर परमुलखात होते. तिथे वरून पडून गेले. बरोबरच्या मजुरांना गाव ठाऊक नव्हतं, घरी कोण आहे ते ठाऊक नव्हतं. त्यांनी तिथेच काय ते उरकलं. अमडापूरच्या बाजारात कोणी ओळखीचा भेटला, तो भाऊंच्या आईला म्हणाला, वहिनी, वाईट झालं. ती म्हणाली, काय झालं? एवढं सांगून भाऊंनी पुढची वायर घेतली.

आमच्या कामात त्यांच्या प्रश्नाला नेमकी जागा होती, म्हणून ते या कामात रमले असतील. ते थोडं समजावून सांगावं लागेल, कारण माझी चूक तिथेच आहे.

पेटीत अंड्यांची खेप ठेवली की कंट्रोलरमध्ये तिच्यासाठी एक इंटरप्रिटर तयार व्हायचा. आपण त्याला दुभाषा म्हणू. ऊब किती द्यायची, ट्रे कधी कलते करायचे, हे आम्ही साध्या ओळींत लिहून ठेवलेलं असे. दुभाषा एकेक ओळ वाचून हीटरला, पंख्याला तसं सांगे. पिल्लं निघाली, खेप संपली, की त्याला मारून टाकायचं. पण तो जिवंत असताना त्याने बरंच काही हातात धरलेलं असतं. हीटरला वीज देणारी लाइन धरलेली असते, धोक्याचा भोंगा त्याच्या ताब्यात असतो. तो मेला आणि हे तसंच राहिलं तर रिकामी पेटी तापत राहील. म्हणून तो जिवंत असतानाच त्याच्याकडे नोंद करून ठेवायची: तू मरशील तेव्हा या या कामांना हाक मार. मरताना तो नोंदलेल्या एकेका कामाला हाक मारतो. लाइन सुटते, भोंगा उतरतो, आणि मग तो जातो.

लाइन धरायची ओळ लिहिण्याआधी ती सोडायची नोंद लिहायची, हा भाऊंचा पहिला नियम. दुसरा नियम ते त्याहून जास्त वेळा सांगत. नोंदलेलं काम तू मधेच स्वतः करून टाकलंस तर नोंद काढून टाक. नाही काढलीस तर दुभाषा मरताना त्या कामाला पुन्हा हाक मारेल, आणि तोवर ती वस्तू कोणाच्या हातात गेली असेल, सांगता येत नाही. मला हे पाठ होतं. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

देऊळघाटच्या ताईंनी आमच्याकडून दोन पेट्या नेल्या. तोवर सगळ्यांनी एकेकच नेली होती. ताईंना गावात हातगुण होता. कोणाच्याही घरी कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली अंडी मांडायला ताईंना बोलावत. त्यांनी मांडलेली अंडी वाया जात नाहीत अशी आसपासच्या बायकांची खात्री. त्या विश्वासावरच त्यांनी घरच्यांशी वाद घालून पेट्या घेतल्या. दोन पेट्या एका कंट्रोलरवर चालवायच्या होत्या, तो बदल मी केला.

पहिल्या पेटीची खेप संपली. हीटर लवकर थंड व्हावा म्हणून मी प्रोग्रामात एक सोय केली होती: खेप संपल्याबरोबर लाइन सोडून द्यायची, दुभाषा मरायची वाट पाहायची नाही. तो काही लगेच मरत नसे. त्याचं थोडं काम बाकी असे. लाइन मी सोडली. नोंद काढली नाही. दुसऱ्या पेटीची खेप शेवटच्या टप्प्यात शिरत होती, तिथे दुभाषा जुनी लाइन सोडून नव्याने घेतो; मोकळी झालेली ही लाइन कंट्रोलरने तिच्या हीटरला दिली. त्यानंतर पहिला दुभाषा मेला, मरताना त्याने नोंदलेल्या कामाला हाक मारली, आणि त्या कामाने लाइन तोडली. आता ती दुसऱ्या पेटीची होती. भोंग्याचंही तसंच झालं, म्हणून तोही वाजला नाही. बाहेर थंडी होती. दुसऱ्या पेटीतली अंडी फुटायला आली होती.

सकाळी ताईंनी दार उघडलं तेव्हा पुष्कळ अंड्यांना चोचीएवढी भोकं पडलेली होती. तिथेच पिल्लं थांबली होती.

वर्कशॉपात फोन आला आणि हीटर बंद होता एवढं ऐकूनच मला काय झालं ते कळलं. कोणी यायच्या आत मी नोंद काढायची ती राहिलेली ओळ घातली आणि जुना प्रोग्राम पुसला.

मालकांनी ताईंना आणि त्यांच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. पेटीचं दार मधे उघडलं होतं का, असं विचारलं. ताई म्हणाल्या, उघडलं होतं. आदल्या संध्याकाळी अंड्यातून पिल्लांचा आवाज यायला लागला होता, तो ऐकायला कान लावला होता. नवरा खाली पाहत राहिला. मालक म्हणाले, मग झालं तर. थंडीत दार उघडलं, पिल्लं गारठली.

"दार उघडल्यानं पेटी अशी थंडी पडत नाही," भाऊ म्हणाले. "हीटर बंद झाला. काऊन झाला ते मले पाहू द्या."

त्यांनी दोन पेट्या लावून तीच वेळ पुन्हा आणून पाहिली. सगळं सुरळीत चाललं. चालणारच होतं. भाऊंनी प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे वळले.

"काल तिथं चालून राह्यला होता, तोच प्रोग्राम हाय ना हा?"

"हो," मी म्हणालो.

चूक गिऱ्हाइकाची, असं मालकांनी कागदावर लिहिलं आणि भाऊंना सही करायला सांगितलं. भाऊंनी केली नाही. शब्दाने शब्द वाढला, मयतीवाल्यामुळेच धंद्याला पनवती लागली इथपर्यंत गेलं, आणि भाऊ नोकरी सोडून निघाले. त्यांना निघायला काही आवरावं लागलं नाही. कामावर आले त्या दिवसापासूनच त्यांनी जायची तयारी करून ठेवली होती. उठले, चप्पल घातली, गेले. त्यांची जागा मला मिळाली.

देऊळघाटला पुढे काय झालं ते फिटरकडून कळत राहिलं. ताईंनी पेट्या परत केल्या. गावात कोणी त्यांना अंडी मांडायला बोलावेना. त्याहून वाईट म्हणजे त्यांनाच ते पटलं. घरची कोंबडी खुडूक बसली तरी त्या शेजारणीला हाक मारत, माझा हात लावू नका म्हणत. फिटर हे सहज सांगायचा, चहा पिता पिता. मी ऐकून घ्यायचो.

भाऊ अमडापूरला राहायला गेले. शेतातल्या मोटारींचे पॅनल दुरुस्त करायला लागले. बुलढाण्याला आले की मला भेटत, पहिल्यासारखेच. त्या काळात त्यांनी एक नवीनच सुरू केलं होतं. आपण मेल्यावर कोणी काय करायचं, ती कामं ते माणसांना नेमून देत. चष्मा टपरीवाल्याने न्यायचा आणि त्याच्या आईला बसतो का पाहायचं. सायकल फिटरने. बुलढाण्याच्या वाचनालयातली पुस्तकं जुन्या घरमालकिणीने परत करायची. कागदावर काही नाही. ज्याचं काम त्याला तोंडी सांगायचं आणि त्याच्याकडून म्हणून घ्यायचं. गेल्याचा निरोप सगळ्यांना द्यायचं काम धाकट्या भावाकडे. लोक हसत, पण म्हणत.

बसस्टँडसमोरच्या हॉटेलात एकदा माझी पाळी आली.

"मी गेलो का तू देऊळघाटले जाजो," भाऊ म्हणाले. "ताईले सांगजो, पिल्लं तिच्या हातानं नाही मेले. म्हनून दाखव."

मी म्हणून दाखवलं. का, कसं, काही विचारलं नाही. भाऊंनी कपातला चहा संपवला आणि गाडी गाठली.

आता हे लिहायलाच बसलो आहे तर तेही लिहितो. मला तेव्हा हायसं वाटलं. भाऊ धडधाकट होते, माझ्यापेक्षा फार मोठेही नव्हते. त्यांच्या मरणापर्यंत मला काही करायचं नव्हतं. ते भेटले की ध्यानात हाय ना, असं विचारत. हाव, असं मी म्हणे. दर वेळी हाव म्हटल्यावर मला थोडं काम केल्यासारखं वाटे. तिकडे देऊळघाटला एक बाई स्वतःच्या हाताकडे पाहत जगत होती, आणि इकडे आम्ही दोघं चहा पीत होतो.

अशीच काही वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात दुपारचे भाऊ माझ्या घरी आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. दारातच उभे राहिले.

"तुह्यं काम काढून टाकलं," म्हणाले.

"काऊन, भाऊ?"

"मीच जाऊन आलो देऊळघाटले. माह्या मरनाची वाट तिनं काऊन पाहावं?" बायकोने पाण्याचा तांब्या आणला, तो त्यांनी घेतला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "हातानं काम झालं का नोंद काढून टाकाची. नाही काढली त काय होते, ते तुले माहीत हाय."

आवाजात राग नव्हता. मला शिकवताना जसं बोलत तसंच बोलले. तांब्या बायकोच्या हातात दिला, उन्हाचं कुठं जाता म्हणून ती थांबवायला लागली तर गाडीची वेळ सांगितली, आणि निघाले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. त्या "हो" पासूनच असेल.

त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत. मीही गेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. पॅनल उघडून बसले होते, तिथेच. फिटरने फोन केला. तू कसा नाही आलास रे मातीला, असं विचारू लागला. मला कळलंच नाही म्हटलं तर त्याला खरं वाटेना. धाकट्या भावाने तर सगळ्यांना फोन केले होते. ज्याला ज्याला काम नेमलं होतं त्या प्रत्येकाला. मला काम नव्हतं.

पुण्यानुमोदनाला मी अमडापूरला गेलो. घरापुढे मंडप होता, बुद्धवंदना झाली, एकदोघं भाऊंबद्दल बोलले. जेवणं आटोपल्यावर माणसं आपापलं काम करायला लागली. टपरीवाल्याने चष्मा रुमालात बांधून घेतला. फिटरने सायकलीत हवा भरली. घरमालकीण बाई बुलढाण्याहून आल्या होत्या, पुस्तकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन रडत होत्या. मला कोणी काही म्हणालं नाही. मी दोऱ्या गुंडाळायला हात लावला तर मंडपवाला म्हणाला, राहू द्या साहेब, आमचं आम्ही करतो.

तिथे ताई भेटल्या. भाऊंनी पाळलेल्या कोंबड्या घेऊन जायचं काम त्यांना नेमलेलं होतं. डालीत कोंबड्या घालून, वर फडकं बांधून त्या रिक्षाची वाट पाहत होत्या. त्यांनी मला ओळखलं. तुम्ही त्या पेट्यांवाल्यांकडे होता ना दादा, असं म्हणाल्या. मी हो म्हटलं. घरचे बरे आहेत का विचारलं. मग त्या स्वतःच बोलायला लागल्या.

"तुमच्या भाऊनं घरी येऊन सांगतलं मले. सासूपुढं, आमच्या मालकापुढं. म्हने, चूक माही होती, मशीनमंदी माह्याकून राह्यली, ताईच्या हाताले काही बोलू नका." त्यांनी डालीवरचं फडकं सारखं केलं. "आता मीच मांडून राह्यली अंडे. बायाही बलावतात. मानूस चांगला होता, दादा. पन एवढाले जीव गेले ना त्याच्या हातानं. सांगाले किती वर्सं लावले त्यानं."

भाऊ खोटं बोलत नसत. मला शिकवलं त्यांनी, म्हणून चूक आपली असं त्यांना खरोखर वाटलं असेल. किंवा माझं नाव घ्यायचं नव्हतं. किंवा ताईंच्या घरच्यांना चूक करणारा माणूस समोर हवा होता, तसा तो तेव्हा समोर उभा होता. मी यावर बराच विचार केला आहे आणि मला काही ठरवता आलेलं नाही.

रिक्षा यायला वेळ होता. आमच्याजवळ तिसरं कोणी नव्हतं, कोणी हाक मारली नाही, कुठे गडबड नव्हती. मला बोलता आलं असतं. रिक्षा आली तेव्हा मी डाल उचलून आत ठेवू लागलो. ताई म्हणाल्या, सांभाळून, एक खुडूक आहे. मी सांभाळून ठेवली. त्या गेल्या.

आता मला कोणी हाक मारणार नाही. ज्याने मारायची त्यानेच माझी नोंद काढली, काम झालं म्हणून. ताईंचा हात त्यांना परत मिळाला, तेवढं काम भाऊंनी केलं. पण त्या घरात पिल्लांचा जीव अजून भाऊंच्या नावावर आहे, आणि एवढी वर्षं गप्प बसल्याचा ठपकाही. तो त्यांचा नाही.

हे लिहून झालं म्हणजे सांगून झालं, असं मी धरत नाही. ताई हे वाचतील असं नाही, आणि वाचलं तरी कागदावरून कळणं वेगळं. देऊळघाटला जाऊन, त्यांच्या सासूच्या आणि नवऱ्याच्या समोर बसून, पिल्लं माझ्या हातून मेली आणि भाऊंचा त्यात काही दोष नव्हता, एवढं मी त्यांना सांगणं लागतो. ते अजून सांगितलेलं नाही.